मापकाकूंच्या खिडकीवरचा प्लाय

ज्या माणसानं उभी हयात ट्रकच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून घालवली, त्याला म्हातारपणी आपल्याच घरात श्वास पुरेना. हे मला अजून पचलेलं नाही, आणि पचावं अशी इच्छाही नाही.

त्यांना आम्ही ड्रायव्हरकाका म्हणायचो. त्यांची बायको बायकांचे कपडे शिवायची, म्हणून तिचं नाव पडलं मापकाकू. दोन खोल्या, वर पत्रा. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, कपाट. मागच्या खोलीत शेगडी, मोरी आणि काकांची खाट. छातीचं दुखणं जडल्यावर काकांचं जग त्या खाटेएवढंच उरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाचा पंप दिला आणि बजावलं, "औषध अर्धंच काम करेल. घरात हवा खेळती ठेवा." सांगायला काय जातं!

एक दिवस त्यांची लेक माझ्याकडे रडत आली. "ताई, बाबा तिथं गुदमरताहेत आणि आई ऐकत नाही. तुम्ही चला."

मला वाटलं, घरमालकानं खिडकी बुजवली असणार. घरमालक या प्राण्याशी माझं जुनं वैर. बाह्या सरसावून गेले, तर बिचारा पहिल्यांदाच निर्दोष निघाला. खिडकी चांगली ऐसपैस होती, रस्त्यावरच्या वाऱ्याला थेट तोंड करून. तिच्यावर आतून प्लाय ठोकलेला, आणि प्लायला टेकून कपाट.

"घर आहे का तिजोरी?" मी म्हणाले.

"आली का पुढारीण? आता मोर्चा निघणार," काकू दातात टाचणी धरूनच म्हणाल्या. "बस. पंखा लावू नकोस, माझे कागद उडतील."

कागद म्हणजे कापड बेतायचे नमुने. ते उडू नयेत म्हणून दिवसभर पंखा बंद. लावला तरी तो पत्र्याखालची तापलेली हवाच खाली ढकलणार. दोन खोल्यांमधल्या दारात दांडी, आणि तिच्यावर तयार कपडे इतके दाटीनं लटकवलेले, की त्यापेक्षा भिंत बरी. मोरीवर एक झरोका होता. त्याची जाळी तळणीच्या तेलानं आणि कापडाच्या तुसानं अशी माखलेली, की बोट लावलं तर बोटच चिकटलं. त्यात ओले कपडे आतच वाळत घातलेले. हवेला यायला वाट नाही, जायला वाट नाही. मग ती काकांच्या छातीवर बसणार नाही तर जाणार कुठं?

जाळी मी तिथल्या तिथं उतरवून सोड्याच्या पाण्यात टाकली. दांडी दारातून काढून भिंतीला लावली. मग कपाटाकडे वळले, तशा काकू उठल्या.

"त्या प्लायला हात लावलास तर बघ."

"काकू, नवरा गुदमरतोय तुमचा!"

"मला सांगतेस? त्यांची घरघर ऐकतच मी शिलाई मारते."

मागच्या खोलीतून काका बोलले, एकेक शब्द उचलून ठेवत. "तिला... नको बोलूस. प्लाय मीच... ठोकलाय."

गोष्ट जुनी होती. कॉलेजातली एक मुलगी शिवलेले कपडे घालून बघत होती, आणि खिडकीच्या फटीला डोळे लावून टवाळ पोरं उभी. पोरं हसली तेव्हा कळलं. पुढं गल्लीत ती दिसली की पोरं तशीच हसायची. शेवटी मुलीनं घराबाहेर पडणंच सोडलं. काका फेरीवरून आले, काकूंनी सांगितलं, आणि तोंडही न धुता ते प्लाय आणायला गेले. मग त्या प्लायच्या आडोशाला बायका लांबून येऊ लागल्या. कपडे घालून बघायला, कधी नुसतंच बसायला.

"बाईच्या पाठीवरचा वळ एक तिला ठाऊक असतो, आणि एक मला," काकू म्हणाल्या. "ही खिडकी उघडली तर ती पाठ कुठं उघडी करेल? तुझ्या मोर्चात?"

मी कपाटापासून मागे सरले. मला माघार घ्यायला लावणारी माणसं फार नाहीत.

तोडगा काकांनीच काढला. "वरून... वीतभर काप. डोक्याच्या वर. तिथून कोण बघतंय... जिराफ?" स्वतःच हसले आणि खोकल्याची उबळ आली. काकू पाठ चोळत राहिल्या. "जिराफ म्हणे! जन्मभर रस्ते तुडवले, यांना जिराफ कुठं भेटला?"

इतकं सोपं होतं. प्लायची वरची पट्टी कापायची, कपाट सरकवायचं. वारा समोरून आत, झरोक्यातून बाहेर. मी म्हणाले, सुतार आत्ता आणते.

"आत्ता नको," काकू म्हणाल्या. "लग्नाची सराई आहे. सगळं रेशमी काम टांगलंय. करवतीचा भुसा बसला तर जन्मात निघायचा नाही. एवढी सराई उरकू दे."

"कपडे शेजारी ठेवा."

"नवरीचे? त्या पोरांच्या आणि मांजरांच्या घरात? कुणाचं तरी लग्न आहे गं त्यात."

"मग तोवर बाबांना मी नेते," लेक म्हणाली.

"मशीनचा आवाज नसला की... मला झोप येत नाही," काका म्हणाले.

सगळ्यांचंच खरं होतं, हीच तर पंचाईत. मी आवाज चढवला, भांडले, आणि रागानं निघून आले.

सराईभर काका सकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या बायकांना म्हणायचे, "गाडी सावकाश... आत घ्या." ऊन चढलं की खाटेवर. जाळी धुतल्यापासून बरं वाटतंय, असंही सांगायचे. मग एक दुपार अशी आली की पत्रा कडकड वाजत होता. काकू एका नवरीला कपडे चढवून बघत होत्या, म्हणून पुढचं दार लावलेलं. मागून घरघर आली ती वेगळीच. काकूंनी हातातल्या टाचण्या टाकल्या, दार उघडलं, पंखा लावला, पंप काकांच्या तोंडाला धरला. नवरी तशीच अर्ध्या शिलाईत गाडी आणायला रस्त्यावर धावली. दवाखान्याच्या वाटेवर काका काकूंच्या मांडीवर गेले.

लोक बोलले. बोलणारच, तोंडाला कुठं कुलूप असतं? म्हणे, नवऱ्यापेक्षा शिलाई प्यारी. अशा एकीला मी तिच्याच दारात सुनावलं, "तुझ्या खिडकीपुढचं कपाट आधी हलव, मग बोल." होतंच कपाट. घराघरांत असतं.

काकूंनी नवरीचे कपडे वेळेवर दिले. सराईचं शेवटचं गाठोडं गेलं, त्याच दिवशी स्वतः जाऊन सुताराला घेऊन आल्या. प्लाय कापला जाताना त्यांनी तोंड फिरवलं नाही. भुसा टेबलावर पडला, मोकळ्या दांडीवर पडला, खाटेवर पडला. कपाट सरकलं आणि वारा सरळ मागच्या खोलीत शिरला. काकू खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढं करून, नळाला पाणी आलंय का बघावं तसा.

आता तिथं खरंच बरं वाटतं. परवा मी बसले होते, तेवढ्यात एक नवी मुलगी माप द्यायला आली.

"काकू, काय मस्त वारा आहे हो तुमच्याकडे! आमच्या घरी नुसती भट्टी. नशीबवान आहात बाई."

काकूंनी गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर," त्या म्हणाल्या.