हिरवा ठिपका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. थोरल्या भावाचा आवाज विजेनं गेला नाही, माझ्यामुळं गेला.

देऊळगाव राजाच्या घरात, खिडकीजवळ, एक जुना कॉम्प्युटर मी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून चालता ठेवला होता. वय पंचेचाळीस, तरी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप पाळायचे हुकूम, लिहायला शिकत होतो. उन्हाळ्याच्या दुपारी पडदा हलायचा, पंखा गुणगुणायचा. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहावी, एंटर दाबावं आणि कुठून तरी दूरवरून उत्तर यावं. विहिरीत हाक मारल्यासारखं वाटायचं. बोलणं मला कधी जमलं नाही. हे जमत होतं.

घरातल्या फायलींची दुसऱ्या डिस्कवर नक्कल ठेवणारी एक सर्व्हिस होती. तिच्यावर लक्ष ठेवायला मी स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हिस चालू असली की स्क्रीनवर हिरवा ठिपका आणि ‘ठीक’. बंद पडली की माझ्या फोनवर निरोप. पण आमच्याकडं लाईट दिवसातून चारदा जाते. लाईट आली की कॉम्प्युटर चालू व्हायचा, सर्व्हिस बंदच राहायची आणि फोन किणकिणायचा.

“अहो, तुमच्या डब्ब्याले पुन्हा ताप आला बरं!” बायको स्वयंपाकघरातून ओरडायची. “त्याले एकदा दवाखान्यात तरी न्या.”

मी वैतागलो. स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलली: उत्तर काहीही येवो, ‘ठीक’ लिही. रविवारी नीट करू म्हटलं. तो रविवार आला नाही. हिरवा ठिपका मात्र इतका शांत दिसायचा, की त्याच्याकडं बघता बघता डोळा लागायचा.

त्याच वर्षी भाऊ गेला. तो दुसरबीडच्या विहारात भीमगीतं म्हणायचा. नवी चाल सुचली की विसरू नये म्हणून शेतात पाणी देता देताच फोनवर गाऊन ठेवायचा. मागं मोटरीचा आवाज, पाटाचं पाणी, मध्येच “अगं, ऐकून राह्यली का?” अशी वहिनींना हाक.

वहिनी तो फोन घेऊन आल्या. “भाऊजी, हा सारखा अडकते. यांचा आवाज तुमच्या मशिनीत ठेवा. मंग मले काळजी नाही.”

मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. ठिपका पाहिला. हिरवा. ठीक. म्हणजे नक्कलही झाली. आणि पुन्हा अडकू नये म्हणून माझ्या हातानं तो फोन रिकामा करून त्यांना दिला.

माझंच खोटं मला खरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात मुख्य डिस्क गेली. दुसरी उघडली. ती केव्हाच भरून गेली होती. नक्कल काढणारी सर्व्हिस भाऊ जायच्या आधीपासूनच बंद होती. जालन्याच्या दुकानदारानं डिस्क पाहून मान हलवली, “काहीच निघणार नाही, साहेब.”

वहिनींना मी म्हणालो, वीज पडली, दुरुस्तीला दिलंय.

आता स्क्रिप्ट खरं बोलते. फोन किणकिणतो, मी उठून बघतो. दुपारी पंख्याच्या आवाजात कधी कधी मला मोटर ऐकू येते, पाणी ऐकू येतं. हाक येईल म्हणून मी थांबतो.

दर पौर्णिमेला वहिनींचा फोन येतो. “झालं का हो दुरुस्त, भाऊजी? घाई नाही, आपलं इचारलं.”

“होऊन राह्यलं, वहिनी.”

दुरुस्त काही होणार नाही. फोन मी रिकामा केला आणि ती ओळ मी बदलली, हे दुसरबीडला जाऊन वहिनींना समोर बसून सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.