दोन दिवसांचा कच्चा टाका

आमच्या कटिंगबाईच्या हातून सव्वीस वर्षांत एकही गणवेश वाया गेला नाही. शाळेच्या गणवेशाचं कापड चाळीस थर एकावर एक घालून एकदम कापतात. खडूची एक रेघ चुकली की चाळीस पोरांच्या बाह्या तोकड्या. म्हणून ती आधी खाकी कागदावर आखते, एक नमुना कच्च्या टाक्यावर जोडून कुणाच्या तरी अंगाला लावून बघते, आणि मगच थरांना कात्री लावते. मी तिथंच काजं करते. माझ्या हातून काय काय वाया गेलंय ते विचारू नका.

परदेशाचं खूळ इस्त्रीवालीनं आणलं. एका सहल कंपनीनं तिला तिकडे नेऊन झेंड्यामागं पळवत अख्खं संग्रहालय अकरा मिनिटांत दाखवलं होतं. "पुन्हा गेले तर माझी मी जाईन," ती म्हणाली. बटणवाली म्हणाली मी येते, मी म्हणाले मीही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कटिंगबाईनं टेबलावर खाकी कागद पसरला आणि बारा दिवसांच्या बारा चौकटी आखल्या.

मग चार महिने दुसरा विषय नाही. घर ते कारखाना एवढंच जग असलेल्या या बाईला ते परकं गाव पाठ झालं. स्टेशनातून कुठल्या दारानं बाहेर पडायचं, कुठल्या गल्लीत पायऱ्या आहेत, सगळं मोबाइलवर बघून कागदावर. "तिसऱ्या दिवशी निळ्या दाराच्या बेकरीपाशी डावीकडे. तिथं बाक आहे, बटणवालीच्या गुडघ्यांना विसावा." पासपोर्ट आला. फोटोत ती फरार गुन्हेगार दिसत होती, पण पासपोर्ट मात्र टेपच्या डब्यात जपून ठेवलेला.

अडचण घरी होती. तिच्या नवऱ्याची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्यानं गेली. बोलणं स्वच्छ, डोकं शाबूत, स्वभाव सोन्यासारखा. खरं सांगते, माणूस खडूस असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांचं अंघोळीपासून सगळं हीच करते. मुलगा लांब असतो. भाऊजींची धाकटी बहीण बारा दिवस राहायला तयार होती, तेवढ्यावर आम्ही नाचत होतो.

"आधी कच्चा टाका," कटिंगबाई म्हणाली. "दोन दिवस वन्सं राहतील घरी, मी हिच्याकडे राहीन. बघू कुठं ओढतंय."

तिनं भिंतीवर कागद लावला: औषधं, जेवण, व्यायाम, दिवसाला आठ पेले पाणी. प्रत्येकापुढं खुणेची चौकट. आणि पिशवी घेऊन ती दोन गल्ल्या ओलांडून माझ्याकडे आली. नवे बूट सैल व्हावेत म्हणून माझ्या एवढ्याशा घरात ती दिवसभर बूट घालून फिरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली. इतक्या वर्षांत मी तिला झोपलेली पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी घेऊन मीही तिच्या घरी गेले. भिंतीवरच्या सगळ्या चौकटींत खुणा होत्या.

"वहिनी, अगदी शहाण्यासारखा राहिला दादा," नणंद म्हणाली. "एकदासुद्धा हाक मारली नाही मला. तूच त्याला लाडावून ठेवलंयस."

खाटेवरून भाऊजी हसले. "आमचं मस्त चाललंय. तू खुशाल जा गं."

खाटेशेजारी खिडकीत एक कुंडी आहे. तिच्याखालची बशी काठोकाठ भरली होती आणि भिंतीवरून पाण्याचा ओघळ खाली आला होता. ते मला आधी दिसलं. मी काय केलं असेल? रुमाल काढून ओघळ पुसायला लागले. लाज वाटते सांगायला, पण मला जायचं होतं.

कटिंगबाईनं माझा हात बाजूला केला आणि मातीत बोट घातलं. नुसता चिखल. मग तिनं नवऱ्याच्या ओठांकडे पाहिलं. ते फुटले होते. तिनं नणंदेला चहा ठेवायला आत पाठवलं.

"पाणी का नाही प्यालात?"

"प्यालो की. खुणा बघ."

"अहो."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "प्यालो असतो तर मोरीत जावं लागलं असतं. धाकटी बहीण आहे ती माझी. कसं सांगू तिला, मला धर म्हणून?" मग घाईघाईनं म्हणाले, "पण जमतं मला. बारा दिवस काढीन मी. तू जा. खरंच जा."

'जाऊ नकोस' म्हणाले असते तर ती भांडून गेली असती, आम्ही तिघी तिच्या बाजूनं भांडलो असतो. त्या 'जा'शी कुणी भांडायचं? पुढे आम्ही एक माणूसही ठेवून पाहिला. त्याच्यासमोरही त्यांचं पाणी बंद. मला भाऊजींचा राग आला, तिचा आला, आणि त्या रुमालापायी माझा सगळ्यात जास्त.

तिनं खाकी कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "जा तुम्ही. नमुना बरोबर आहे."

आम्ही गेलो. नमुना बरोबरच होता. तिसऱ्या दिवशी मीच तो उलटा धरला आणि आम्ही हरवलो. तिला फोन लावला. आजूबाजूला काय दिसतंय ते तिनं विचारलं आणि म्हणाली, "मागं फिरा. दोन गल्ल्या सोडा. आता समोर निळं दार. दिसलं?"

"दिसलं."

"कसं आहे गं?"

मी सांगणार, तेवढ्यात फोनमधून भाऊजींची हाक ऐकू आली.

"थांब हं, यांना धरून नेते," ती म्हणाली आणि तिनं फोन बाजूला ठेवला, पण बंद केला नाही. बाक तिनं सांगितलेल्या जागीच होता. त्यावर आम्ही तिघी बसलो, चौथीपुरती जागा उरली. फोन कानाला लावून मी ऐकत राहिले: आधी तिची पावलं, मग त्यांचं एक पाऊल आणि एक फरपट.