साडूंचे पंचवीस अंश

जेवणाच्या ताटात थर्मामीटर बुडवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. जळगावच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. "काय उकडतंय!" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही, "किती?" असा प्रश्न येतो आणि उत्तराची वाट न पाहता खिशातून काचेची नळी निघते. चोपड्याच्या एका लग्नात त्यांनी शेवभाजीच्या पातेल्याचं तापमान घेतलं, तेव्हा अन्नभेसळवाले आले म्हणून आचारी मागच्या दाराने पसार झाला. धुळ्याला आमच्याकडे आले, की वरणभात थांबवून ते तुपाची वाटी हातात घेतात. "हे बघा, पेशीचं आवरण असंच स्निग्ध असतं. थंडीत थिजतं, ऊन लागलं की सैलावतं. त्यात दारं असतात. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, त्या दारांतून आत जातात. गारठ्यात दारं आखडतात, ऊब मिळाली की भराभर उघडतात, आणि फारच तापलं तर दारंच वाकडी होतात." ऐकायला छान वाटतं, पण आमचा भात तोवर गार झालेला असतो.

यीस्टच्या पेशी कोणत्या तापमानाला किती अमिनो आम्ल आत घेतात, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. शून्य अंशाच्या मोजणीसाठी बर्फ कॉलेजसमोरच्या रसवंतीतून यायचा. दारं आखडलेली असताना आपसूक किती झिरपतं, ते आधी कळायला हवं ना! रसवंतीवाला रोज काळजीने विचारायचा, "सर, आमना बर्फ पास व्हयना का?" बाकीची तापमानं ते यंत्रातल्या पाण्यात राखायचे. पंचवीस अंशांची मोजणी तेवढी उघड्या टेबलावर, कारण सगळ्या पुस्तकांत खोलीचं तापमान पंचवीसच छापलेलं. आणि गंमत म्हणजे नेमक्या पंचवीसलाच पेशींची भूक एकदम उसळायची. असं कुणालाच दिसलं नव्हतं. मार्गदर्शक खूश झाले, त्या उसळीवर प्रबंध उभा राहिला, आठ वर्षांनी त्याच्या प्रती बांधून आल्या. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिने पेढ्यांची ऑर्डरही देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा होता. प्रती उचलायला मदत हवी म्हणून मी धुळ्याहून आलो होतो. मे महिना, वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा, वर तापलेला स्लॅब. साडू टेबल आवरत होते. हातातला थर्मामीटर त्यांनी सहज टेबलावर ठेवला, थोड्या वेळाने उचलला आणि ते स्टुलावर बसले. एरवी कॉलेजात शुद्ध बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीत म्हणाला, "बठ्ठं चुकेल शे," म्हणजे सगळंच चुकलंय. पारा एकोणचाळीसवर होता. सगळ्या मोजण्या त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत केल्या होत्या, प्रयोगशाळा तेव्हाच रिकामी मिळायची म्हणून. पेशींनी काही नवल केलं नव्हतं. तो आमचा जळगावचा उन्हाळा होता.

मार्गदर्शक वाईट नव्हते. ते एवढंच म्हणाले, "अहो, परीक्षक बाहेरचे. त्यांना इथलं ऊन काय माहीत?" साडूंनी नकारार्थी मान हलवली आणि प्रती कपाटात ठेवून दिल्या. थर्मामीटर खिशात मुक्कामाला आला तो त्या दिवसापासून. पुन्हा मोजण्या सुरू केल्या, पण मध्येच मार्गदर्शक निवृत्त झाले, नोंदणीची मुदत संपली, आणि ते राहिलं ते राहिलंच. मला त्यांचा अभिमान वाटायचा. अक्काला काय वाटलं, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी साडू निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक बाईंनी मोठ्या आवाजात पुकारलं, "आता आपले आदरणीय डॉक्टर..." साडू माईकपाशी जाऊन पहिलं वाक्य बोलले ते हे, की मी डॉक्टर नाही. लोक हसले, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अक्का मांडीवरची शाल नीट करत राहिली.

परतताना गाडी मी चालवत होतो. मग मागून अक्का हळूच म्हणाली, "एकदा तरी ते 'डॉक्टर' ऐकून घ्यायचं होतं हो मला."

साडू माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मलाही," ते म्हणाले.