अक्कांचं टूल

कोरमंगलाच्या आमच्या ऑफिसात त्यांना सगळे अक्काच म्हणतात. मूळच्या निपाणीच्या, मराठीत मधूनच कानडी शब्द यायचे. बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर आम्ही आमचे दुरुस्तीचे पॅच चढवतो, आणि नवी आवृत्ती आली की ते ठरल्या क्रमाने पुन्हा चढवावे लागतात. कोड गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात, असतो. पॅच मात्र अक्का एका जुन्या टूलने सांभाळायच्या. ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. काही अडलं की त्या डोळे चोळत म्हणायच्या, "स्वल्प थांब, बघते."

नवं टूल निवडायची ती तिसरी मीटिंग होती. सगळे कंटाळले होते. अक्कांना बरं वाटावं म्हणून मी त्यांच्या टूलची बाजू घेतली.

"माझं नको," त्या म्हणाल्या. "वडील आयसीयूत होते तेव्हा क्रम विचारायला तूच फोन केला होतास. बाहेरच्या बाकावर बसून सांगितला मी. सगळ्यांना येईल असं काहीतरी घ्या."

तो फोन मी विसरलो होतो.

पुढचे दोन आठवडे त्या एकेक पॅच नव्या टूलमध्ये हलवत होत्या. शेवटचा त्यांनी मला चढवायला लावला. तो नीट बसल्यावर पर्स उचलत म्हणाल्या, "सरी, झालं. आता मला आजारी पडता येईल."