मुटिंटा आणि बाकावरची मंडळी

शनिवारी सकाळी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावाच्या क्रीडागृहात आईबापांचे दोन बाक भरतात. दाराजवळच्या बाकावर डच मंडळी कागदी कपातली कॉफी घेऊन शांत बसतात. पलीकडच्या बाकावर आपली मंडळी, आणि शांत बसणं काही त्यांच्या स्वभावात नाही. पुण्याचा जयेश, एक दिल्लीवाला, एक हैदराबादी जोडपं आणि कडेला विवेक मेश्राम. सगळ्यांना समजावं म्हणून बोलणं हिंदीत चालतं. हिंदीचा आणखी एक फायदा त्यांनी गृहीत धरला होता, की इथं ती दुसऱ्या कुणाला कळत नाही. त्यामुळे हॉलच्या भाड्यापासून प्रशिक्षिकेच्या चालण्यापर्यंत कशावरही बिनधास्त बोलता येई.

ही प्रशिक्षिका म्हणजे मुटिंटा. झांबियातल्या लुसाका शहराची. चाळिशी ओलांडलेली, उंच, डाव्या गुडघ्याला कायम पट्टा. आठवडाभर आइंडहोवनमध्ये सिटी बस चालवायची आणि शनिवारी पोरांना बॅडमिंटन शिकवायचं, असा तिचा क्रम. शिकवणं तरी कसलं, पहिले कित्येक महिने नुसतं पळवणं. हातात ना रॅकेट ना शटल, फक्त पाय. आपल्या बाकाला हे अर्थातच पसंत नव्हतं. क्लबच्या वेबसाइटवर तिच्या नावापुढे ‘आफ्रिकन चॅम्पियन’ असं लिहिलेलं होतं. त्यावरून एकदा जयेश म्हणाला, "अफ्रीका का चैंपियन मतलब क्या यार? वहाँ खेलता कौन है?"

विवेक म्हणाला, "दो लोग खेले होंगे. एक को गोल्ड, एक को सिल्वर."

अख्खा बाक खदखदून हसला. विवेकच्या बोलण्यावर असं हसणं पहिल्यांदाच झालं होतं. एरवी तो आपला मान डोलवणारा. आडनाव ऐकलं की समोरचा पुढचा प्रश्न मनातल्या मनात विचारतो, हे त्याला नागपूरपासून ठाऊक, म्हणून चारचौघांत तो जपूनच असायचा. आज यांना हसवलं म्हणजे आपण यांच्यातले झालो, असं वाटून स्वारी दिवसभर खुशीत होती. माणूस कशाकशावर खूश होतो, बघा.

या गोष्टीला वर्ष उलटून गेलं. रॉटरडॅमला लहान मुलांच्या स्पर्धा होत्या. प्रशिक्षिकेला कुणी न्यायचं-आणायचं याच्या क्लबात पाळ्या लागतात, तशी ही पाळी विवेकची होती. परतताना गाडीत मागे त्याची मुलगी समता, आणि गुडघ्यामुळे पाय लांब करता यावा म्हणून पुढे मुटिंटा. समता तिच्या गटात पहिली आली होती, मांडीवर कप होता, पण चेहरा पडलेला. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

"इट डझन्ट काउंट, बाबा. वी वेअर ओन्ली फोर गर्ल्स."

"असं कोण म्हणालं तुला?"

"ऋषभ."

ऋषभ म्हणजे जयेशचा मुलगा. विवेकला जुनी गोष्ट आठवली. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी होस्टेलच्या खोलीतला एक मुलगा सहज म्हणाला होता, "तुमच्यात कॉम्पिटिशन असते कुठे?" पुढे विवेकने त्याच कॉलेजात त्या मुलाला दरवर्षी मागे टाकलं, डॉक्टरेट केली, इथे संशोधनाची नोकरी मिळवली, पण ते वाक्य काही अंगावरून उतरलं नाही. आता तेच आपल्या पोरीच्या वाट्याला यावं, याने तो पेटला.

"हे बघ, किती जण होते ते मोजणाऱ्यांचं कधी ऐकायचं नाही," तो म्हणाला. "जे समोर आले त्यांना तू हरवलंस. तू पहिली आहेस." मग मुटिंटाकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "आय ॲम टेलिंग हर, अ विन इज अ विन. राइट, कोच?"

गाडी मूरडाइकच्या पुलावर होती. मुटिंटाने समोरून नजर हलवली नाही. पुढचा स्टॉप सांगावा तितक्या साध्या आवाजात, स्वच्छ हिंदीत ती म्हणाली, "दो लोग खेले होंगे. एक को गोल्ड, एक को सिल्वर."

विवेकला आपलेच शब्द ओळखू आले. जमिनीने पोटात घ्यावं म्हणावं, तर खाली जमीनही नव्हती, नुसतं पाणी. हायवेवर गाडी थांबवताही येईना.

समताला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला मुटिंटाला हिंदी येते याचंच अप्रूप. तिने विचारलं आणि मुटिंटाने आइंडहोवन येईपर्यंत तिला सगळं सांगितलं.

लुसाकात आपल्या लोकांचा एक क्लब होता, तिथला हॉल तिची आई झाडायची. मेंबरांची शटलं गोळा करायची हे मुटिंटाचं काम. कोर्टावर पाऊल टाकायची मुभा नव्हती, म्हणून ती रेषेबाहेर उभी राहून त्यांच्यासारखे नुसते पाय चालवायची. क्लबाचे हिशेब बघणारे एक मास्टरजी होते. त्यांनी ते पाय पाहिले आणि मेंबर घरी गेल्यावर पिसं तुटलेली शटलं घेऊन तिला शिकवू लागले. हिंदी त्यांचीच, थोडी क्लबातल्या टीव्हीची. पुढे ती देशात पहिली आली, तरी त्या क्लबाची मेंबर काही झाली नाही. आफ्रिकेच्या स्पर्धेला निघाली तेव्हा मास्टरजींना व्हिसा मिळाला नाही, ती एकटीच गेली. अंतिम सामन्यात मॉरिशसच्या मुलीमागे तिचा प्रशिक्षक बसलेला, हिच्यामागची खुर्ची रिकामी. तेव्हा स्वतःच स्वतःला ओरडली, "पाँव चला, पाँव." आणि जिंकली. मग रँकिंगसाठी युरोपभर फिरली, प्रत्येक ठिकाणी पहिल्याच फेरीत हरली, आणि इथे नेदरलँड्समध्ये कोर्टावरच गुडघा गेला. ऑपरेशन झालं, इथेच राहिली, बसचा परवाना काढला.

"युरोपात मी एकही मॅच जिंकले नाही," ती समताला इंग्रजीत म्हणाली. "आणि मी चॅम्पियन होते. दोन्ही खरं आहे."

विवेक ऐकत होता आणि मनात मागचे सगळे शनिवार उलटेपालटे करत होता. त्या बाकावर काय काय बोललो आपण? ती शटल उचलायला जवळ आली तरी आवाज खाली आणला नाही कधी. आणि एवढं सगळं कानावर पडून हिने समताला मात्र कुठे कमी पडू दिलं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली.

तिच्या घरासमोर तो गाडीतून उतरला. "बहुत गलत बोला मैंने," तो कसाबसा म्हणाला. "सॉरी."

मुटिंटाने बॅग खांद्याला लावली. "बोला तो बेंच पर था," ती म्हणाली. "सॉरी गाड़ी में क्यों?" आणि समताला हात हलवून आत गेली.

पुढच्या शनिवारी विवेक बाकावर बसला आणि बोलला. तिला हिंदी येते, इतके दिवस ती आपलं सगळं ऐकत आली आहे, आणि तो जोक मीच केला होता, असं सगळं सांगून टाकलं. जो तो आपण काय काय बोललो होतो ते आठवू लागला. मग विवेकने राहिलेलंही सांगितलं. "मैं खुद रिज़र्वेशन से आया हूँ. मुझे भी लोग यही सुनाते थे, कि तुम लोगों में कंपीटिशन कहाँ है." एवढ्या वर्षांत हे त्याने आपण होऊन कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिल्लीवाला मोबाइल बघू लागला. हैदराबादी जोडपं मुलाला पाणी द्यायला उठलं. समोर मुटिंटा पाठमोरी उभी होती आणि पोरं पळत होती.

जयेश जवळ सरकला. विवेकच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, हळू मराठीत म्हणाला, "अरे, तुझी गोष्ट वेगळी आहे रे. तू मुळातच हुशार. तू त्यांच्यातला वाटतसुद्धा नाहीस."

विवेकला राग यायला हवा होता. आलाही, पण मागाहून. आधी क्षणभर त्याला बरं वाटलं. मुटिंटाविषयी जे बोलला त्याबद्दल तिच्यासमोर मान खाली घालता आली. या बरं वाटण्याबद्दल कुणासमोर घालावी, हे त्याला अजून कळलेलं नाही.