थांब्याची थाप

धनेशचा हात लहानपणापासून आधी उठायचा, डोकं मागाहून यायचं. शाळेत त्याने एकाचा दात पाडला, भिवंडीच्या गोदामात मुकादमाचं नाक फोडलं. तेव्हा सोबतच्या हरेशने त्याला ओढत आपल्या रॉक बँडच्या खोलीत नेलं आणि ड्रमसमोर बसवलं. "यांना मार. हे पोलिसात जात नाहीत."

मारता मारता धनेश शिकला. चार मात्रा. पहिली-तिसरी पायाने, मोठ्या ड्रमवर, छातीत बसेल अशी. दुसरी-चौथी काठीने, कडाडून. वर गिटारची एकच छोटी चाल, पुन्हा पुन्हा, आवाज फाटेपर्यंत. मोखाड्याकडच्या पाड्यावर बापाकडून संबळ शिकलेल्याला यात नवं ते काय? संबळाचंही एक भांडं घुमतं, दुसरं कडाडतं. नवा होता तो जोर. आणि हा जोर गावाला ऐकवायची त्याला खुमखुमी आली.

त्या वर्षी बोहाड्याला तो संबळाऐवजी ड्रम, गिटारवाला हरेश आणि माणसाहून उंच स्पीकर घेऊन आला. बोहाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचणं. शेवटच्या सकाळी देवी आणि म्हैसासुराची लढाई. म्हैसासुर होता धनेशचा थोरला भाऊ ढवळू. देवी झाला होता पुंजा, हातात लोखंडी तलवार. मुखवट्यातून धड दिसत नाही, म्हणून दोघं कानाने लढतात. वाजवणारा नजर ठेवतो, घाव उतरायला लागला की थांब्याची थाप मारतो, आणि तलवारीचा हात असेल तिथेच थांबतो. आजवर कुणाला खरचटलंही नव्हतं.

वाजवताना डोळे मिटायचे नाहीत, हे बापाने चापट्या मारून शिकवलं होतं. हा शहाणा डोळे मिटून मान झटकत राहिला. लय चढत गेली, थांबा आलाच नाही. पुंजाच्या अंगात वारं शिरलं. पहिल्या घावाने मुखवट्याचं शिंग उडालं, दुसरा ढवळूच्या उजव्या खांद्यात हाडापर्यंत रुतला. ढवळू ओरडला, पण त्या स्पीकरपुढे कुणाला ऐकू जाणार? रक्ताला रंग समजून लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसरा घाव उठला तेव्हा ढवळूची बायको रामी धावली आणि तिने लाथ घालून ड्रम आडवा केला. हरेशची बोटं थबकली. तलवार हवेतच राहिली.

"भावाला मारलंस तू," रामी म्हणाली.

ढवळू जगला. उजवा हात मात्र वर जाईना. नांगर सुटला, कोयता सुटला. धनेशने त्यानंतर कुणावर हात उगारला नाही, पण भावाच्या नजरेला नजर देणंही त्याला जमेना.

पुढच्या बोहाड्याला पुंजा तलवार धरायला तयार नव्हता. धनेश त्याच्या दारात जाऊन बसला. "म्हैसासुर मी व्हतो."

"आन् वाजवंल कोण?"

"दादा."

ढवळूने कमरेला संबळ बांधलं, डाव्या हातात एकच काठी घेतली. धनेशच्या मुखवट्याच्या आत काळोख आणि स्वतःचाच श्वास. तलवार उठली हे त्याला पुंजाच्या पावलांवरून कळलं. आता थांबा यायला हवा होता. आला नाही. त्याला जन्मात पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपल्याला हेच मिळायला हवं, असंही वाटलं, म्हणून तो हलला नाही. पात्याचा वारा मानेला लागला आणि थाप पडली. लोखंड कातडीला टेकून थांबलं होतं. मानेवरून रक्ताचा एक बारीक ओघळ आला.

मुखवटा उतरवल्यावर धनेशने कसंबसं विचारलं, "दादा, हात चुकला का?"

"नाय," ढवळू म्हणाला. "थांब्याची वाट मी किती बघली, ते तुला दावलं."