उताराची जागा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की चाकणच्या पुढच्या मुक्कामावर एस.टी. आली तेव्हा आमची गाडी अण्णांनी हलवली. ते चूक आहे. गाडी मी हलवली. वडिलांच्या गाडीला मुलीने हात लावला हे छापून आलं, तर लोक त्यांनाच बोल लावतील असं वाटलं होतं.

ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी: आमची गाडी म्हणजे एका बेकरीची जुनी पाववाली व्हॅन. कारखान्यात फिटर असलेल्या अण्णांनी तिच्यात दोन फळ्या आणि स्टोची जागा केली. उन्हात अजून पावाचा वास येतो. स्टार्टर मात्र रुसलेला. म्हणून मुक्कामाला आधी उतार बघायचा, मग पाणी. रात्री चाकाला दगड लावायचा, सकाळी दगड काढून गाडी सोडायची. दापोडीहून निघून पहिला मुक्काम तळेगावला आत्याच्या दारात केला. उतार झकास, पण ट्रकांमुळे झोप नाही. तिथे थांबणार असाल तर आतली गल्ली बघा.

नाशिकचा हा बहुधा शेवटचाच प्रवास होता. अण्णांचा उजवा खांदा उचलत नाही. चिखलीचा एक वर्कशॉपवाला गाडी मागतोय आणि घरात दुसरं कुणी चालवणारं नाही. म्हणजे मी शिकले आहे, पण लायसन्सच्या परीक्षेला दोनदा निघून दोनदा बसस्टॉपवरून परत आले.

चाकण सोडून आत एका गावात चावडीपुढे सुंदर उतार मिळाला. अण्णा दूध आणायला गेले. मी तांदूळ निवडत होते, तोच मागे हॉर्न. मुक्कामी एस.टी. आली होती.

"गाडी हलवा!" कंडक्टर दारातून ओरडला.

"वडील दुधाला गेलेत. येतीलच."

चावडीवरचे एक आजोबा म्हणाले, "पोरी, ही मुक्कामीची जागा हाय. तिलाबी उतार लागतो. सपाटीला हुबी केली तर सकाळी निघत न्हाई."

"म्हणजे तिचाही स्टार्टर?"

"तिचा काय, आमच्या ड्रायव्हरचाबी सकाळी चालू होत न्हाई," कंडक्टर म्हणाला. बसमधले सगळे हसले. ड्रायव्हर सगळ्यात मोठ्याने.

हसण्याने मला धीर आला की लाज वाटली, सांगता येत नाही. तांदळाचं ताट खाली ठेवलं, दगड काढला आणि स्टेअरिंगवर बसले. शाळेत घालण्याआधी अण्णांनी मला घरीच पाटीवर शिकवलं. चुकलं तर रागावायचे नाहीत, फक्त "परत" म्हणायचे. क्लचही तसाच शिकवला. ब्रेक सोडला, गाडी सुटली, सेकंड गिअर टाकून क्लच सोडला. गचका बसून बंद. मी स्वतःलाच "परत" म्हटलं. दुसऱ्यांदा इंजिन चालू झालं. ओढ्याच्या अलीकडे वळून शाळेच्या मैदानात नेऊन उभी केली. सपाट मैदानात!

अण्णा दुधाचं भांडं घेऊन आले ते आधी चावडीकडे, मग मैदानाकडे बघत राहिले.

"कुणी आणली?"

"मी."

"बरं," म्हणाले आणि दूध तापत ठेवलं. मग पाठमोरेच म्हणाले, "वळण मोठं घेतलंस ते बरं केलंस." चाकांचे माग बघून आले होते.

सकाळी उतार असूनही एस.टी.ला धक्का लागलाच; ती गेल्यावर ढकलणारी माणसं आमच्याकडे आली. "चला, आता पाववाल्यांची!" कुणी पैसे घेतले नाहीत. त्या गावी गेलात तर चावडीपुढे थांबू नका, मैदानात थांबा. ढकलायला माणसं मिळतात.

पुढे गाडी अण्णांनीच चालवली. सिन्नरला खांदा धरून बराच वेळ बसले होते, तेही मी लिहिलं नव्हतं.

अंक छापून आल्यावर शेजारी म्हणाले, "राव, या खांद्यानं गाडी काढली म्हणजे कमाल!" अण्णा म्हणाले, "आमी न्हाई. लेकीनं." घरी येऊन मला एवढंच विचारलं, "माझं नाव कशाला घातलंस?"

गोदावरी पाहिली, देवळं पाहिली, पण घरी आल्यावर मला आठवतो तो शाळेच्या मातीतला चाकांचा वळसा. वर्कशॉपवाला काल आला होता. अण्णांनी त्याला थांबायला सांगितलं आहे, किती ते सांगितलं नाही. आरटीओत नवी तारीख मी घेतली आहे. येत्या सोमवारी, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या बसने मी पुण्याला जाणार आहे.